रेस्टॉरंटमधील बर्गर आणि फ्राइज: दिलेल्या पैशांचे मोल कसे ताडावे

बर्गर आणि फ्राइज एकाच ताटात येतात आणि बहुधा एकाच किमतीत विकले जातात, त्यामुळे पैसे वसूल झाले की नाही याचा निवाडाही आपण एकत्रच करतो. तो वेगवेगळा केला पाहिजे, कारण या दोन पदार्थांची किंमत निरनिराळ्या कारणांनी वाढते आणि त्यांची चवही निरनिराळ्या वेगाने उतरते. माझे मत आधीच सांगतो. ताज्या खिम्याचा बर्गर नीट चालणाऱ्या जागी बसून खाल्ला तर त्याची किंमत बहुतेक वेळा रास्त ठरते. कॅफेमधला बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर क्वचितच रास्त ठरतो, आणि फ्राइजचे मोल तर तळणीतून काढल्यानंतरच्या काही मिनिटांपुरतेच असते. हे ताडण्यासाठी काय पाहावे आणि काय विचारावे ते पुढे दिले आहे. वडापावाच्या गाडीशी तुलना मी मुद्दामच टाळली आहे. त्या भावात कोणताच बर्गर टिकणार नाही आणि त्यातून काही ठरणारही नाही.

आधी कच्च्या मालाचा हिशेब

कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या साधारण ३० ते ३५ टक्के असावा, असा खानपान व्यवसायातील ढोबळ आडाखा आहे. उरलेल्या पैशांतून जागेचे भाडे, पगार, गॅस, वीज, नासाडी आणि नफा निघतो. त्यामुळे १०० रुपयांचा माल ३०० रुपयांना मिळणे ही लूट नव्हे. हे प्रमाण कोठे पाळले जाते आणि कोठे सुटते, एवढेच ग्राहकाने पाहायचे असते.

समजा, पुण्यातील एखाद्या कॅफेत चिकन बर्गर ३२० रुपयांना, आलू टिक्की बर्गर २२० रुपयांना आणि फ्राइज १८० रुपयांना आहेत. चिकन बर्गरमध्ये १२० ग्रॅम खिमा, एक बन, चीजची एक चकती, थोडी भाजी आणि सॉस धरले, तर किरकोळ बाजारातील अंदाजे भावाने खिम्याचे ४५, बनचे २०, चीजचे १५ आणि इतर गोष्टींचे १५ असे ९५ रुपये होतात, म्हणजे किमतीच्या सुमारे ३० टक्के. आलू टिक्की बर्गरमध्ये टिक्कीचे १०, बनचे २० आणि सॉस, कांदा, टोमॅटो यांचे १२ मिळून ४२ रुपये होतात. फ्राइजसाठी १५० ग्रॅम गोठवलेला माल, तेल आणि मसाला धरूनही ३५ रुपयांच्या वर आकडा जात नाही. या दोन्ही ठिकाणी किमतीचा पाचवा हिस्साही कच्च्या मालावर खर्च झालेला नसतो. स्वस्त म्हणून ज्याकडे वळावे तोच पदार्थ मालाच्या मानाने सर्वांत महाग पडतो, हे मेन्यू हातात घेताना लक्षात असावे.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही उपयोगी पडतो. मटणाचा १२० ग्रॅम खिमाच शंभर रुपयांच्या आसपास जातो, त्यामुळे मटण बर्गर ४०० रुपयांना असेल तर दचकण्याचे कारण नाही. उलट तो २०० रुपयांना मिळत असेल तर पॅटी लहान आहे की तिच्यात ब्रेडचा चुरा आणि सोया भरलेला आहे, हे विचारून घ्यावे.

साखळी रेस्टॉरंटचे गणित थोडे वेगळे चालते. मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये दिल्ली आणि मुंबई येथे भारतातील आपली पहिली दुकाने उघडली, तीही गोमांस आणि डुकराचे मांस मेन्यूवर न ठेवता. पुढे बटाट्याची टिक्की हाच अशा दुकानांचा स्वस्त दरवाजा ठरला. एकटी टिक्की घेणाऱ्यावर त्यांना फारसे सुटत नाही, म्हणूनच काउंटरवरचा मुलगा ‘कॉम्बो करू का?’ असे हमखास विचारतो. मशीनमधील शीतपेय म्हणजे एक भाग सिरप आणि सुमारे पाच भाग पाणी, वर पेलाभर बर्फ. फ्राइज आणि पेय जोडले की दुकानाचा नफा सावरतो. ज्याला मुळात फक्त बर्गर हवा आहे त्याने कॉम्बोची ‘बचत’ मोजण्याऐवजी एकट्या बर्गरची किंमत पाहावी.

मेन्यू वाचताना काय विचारावे

घरी सहज जमत नाही अशा गोष्टीसाठी रेस्टॉरंटला पैसे द्यावेत, ही पहिली कसोटी. बर्गरच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे प्रचंड तापलेला, जाड लोखंडी सपाट तवा. घरच्या गॅसवरील तव्यावर थंड खिमा पडताच तव्याची उष्णता उतरते, खिम्याला पाणी सुटते आणि तो भाजण्याऐवजी शिजू लागतो. जाड तव्यावर तोच गोळा दाबून पातळ केला, तर दोन-तीन मिनिटांत त्याच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत होतात, आणि बर्गरची निम्मी चव त्या तपकिरी थरातच असते. म्हणून ‘पॅटी इथेच खिम्यापासून करता की गोठवलेली येते?’ हा प्रश्न न संकोचता विचारावा. तयार, ब्रेडक्रम्समध्ये घोळवलेली गोठवलेली पॅटी वाईटच असते असे नाही. परंतु तीच सुपरमार्केटमध्येही मिळते, आणि ती तळून देण्यासाठी ३०० रुपये मोजावेत असे मला वाटत नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या मांसावर बंदी आहे, म्हैसवर्गीय मांसावर नाही. मुंबई-पुण्यातील मेन्यूवर ‘बफ’ असे लिहिलेले असते ते हेच. या मांसात चरबी कमी असते, त्यामुळे खिम्यात वेगळी चरबी मिसळली नसेल तर पॅटी कोरडी आणि चिवट होते. चांगल्या ठिकाणी चरबीचे प्रमाण किती, या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळते. वेटरने नुसतेच ‘एकदम ज्युसी असते, सर’ असे म्हटले तर त्याच्याकडे उत्तर नाही, असे समजावे. खिम्याच्या जाड पॅटीला आतून गुलाबी ठेवण्याचा आग्रह मात्र धरू नये. अखंड तुकड्यात जिवाणू बहुधा पृष्ठभागावरच असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून तो पूर्ण शिजलाच पाहिजे. पातळ दाबलेल्या दोन पॅटी एका जाड पॅटीपेक्षा मला सरस वाटतात त्यामागे हेही एक कारण आहे: त्या पूर्ण शिजूनही कोरड्या होत नाहीत आणि तपकिरी थर दुप्पट मिळतो.

शाकाहारी वाचकांसाठी प्रश्न थोडा अवघड आहे, कारण टिक्कीचे काम घरचा तवा उत्तम करतो आणि बेकरीतला ताजा बन बहुतेक गावांत मिळतो. तरीही बाहेरच खायचे असेल तर ज्यात खरोखर काही कौशल्य किंवा महाग माल आहे तो पदार्थ निवडावा: जाड पनीर मॅरिनेट करून भाजलेला, मशरूम कोरडे होईपर्यंत परतून बांधलेला, किंवा राजमा आणि धान्य यांची हाताने केलेली पॅटी असलेला. नुसत्या टिक्कीवर चीज, पेरी पेरी आणि मेयोनीज यांचे थर चढवून वाढवलेली किंमत ही थरांची किंमत असते.

ज्या साखळ्यांची दहा किंवा अधिक दुकाने आहेत त्यांनी मेन्यूवर पदार्थाचे उष्मांक आणि एका वाढपाचे प्रमाण लिहावे, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. उष्मांकांकडे लक्ष देणारे देतातच. किमतीचा विचार करणाऱ्याने ग्रॅमचा आकडा पाहावा. मध्यम आणि मोठ्या फ्राइजमधील फरक पुडक्याच्या उंचीवरून कळत नाही, तो ग्रॅमने किंमत भागल्यावर कळतो.

फ्राइज

फ्राइजबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ग्राहकाची सर्वाधिक निराशा येथेच होते. आपल्याकडील बहुतेक रेस्टॉरंट गोठवलेल्या फ्राइज वापरतात, आणि त्यातील बराच माल गुजरातमधून येतो. मेहसाणा जिल्ह्यात गोठवलेल्या फ्राइज बनवणाऱ्या मॅकेन कंपनीचा कारखाना आहे आणि उत्तर गुजरातमध्ये प्रक्रियेसाठी बटाटा मोठ्या प्रमाणावर पिकवला जातो. यात फसवणूक काहीच नाही. कारखान्यात बटाटा कापून, गरम पाण्यातून काढून, वाळवून, एकदा अर्धवट तळून गोठवलेला असतो. त्यासाठी कोरड्या अंशाचे प्रमाण जास्त आणि साखर कमी असलेल्या जाती निवडलेल्या असतात. आपण मंडईतून आणलेला बटाटा पुष्कळदा शीतगृहातून आलेला असतो, थंडीत त्यातील पिष्टाची काही प्रमाणात साखर होते, आणि म्हणूनच घरच्या फ्राइज आतून शिजण्याआधी बाहेरून काळपट होतात. बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नये तो याचसाठी.

म्हणजे गोठवलेला माल हा दोष नव्हे. खरा फरक पडतो तो तळणीवर. तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास असले, टोपलीत माल कमी घातला आणि तेल वेळेवर बदलले, तर तीन-साडेतीन मिनिटांत उत्तम फ्राइज होतात. टोपली गच्च भरली की तेल थंड पडते आणि बटाटा तेल पितो. ताट समोर आल्यावर बर्गरला हात लावण्याआधी एक फ्राय उचलावी. एका टोकाला धरली असता ती आडवी, ताठ राहिली पाहिजे. मान टाकत असेल तर ती आधीच तळून ठेवलेली आहे किंवा तेल थंड होते. मग ती मोडावी. आत उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा, भुरभुरीत गर दिसावा. आत पोकळ असेल तर ती जास्त तळली गेली आहे किंवा पुन्हा तळली आहे. गर पारदर्शक, चिकट असेल तर कच्ची आहे. बोटांवर राहिलेल्या तेलाचा वास घ्यावा. जुन्या तेलाचा उग्र वास मसाल्याखालीही लपत नाही, आणि पेरी पेरीची पूड भरपूर भुरभुरलेली असेल तर तो वास जरा अधिकच लक्षपूर्वक घ्यावा. नरम फ्राइज परत पाठवण्यात काही गैर नाही. गर्दी नसताना मीठ न घातलेल्या फ्राइज मागितल्या तर त्या बहुधा ताज्याच तळाव्या लागतात. मीठ नंतर टेबलावर घालता येते.

‘लोडेड फ्राइज’ मी शक्यतो मागवत नाही. गरम सॉस आणि चीज ओतल्यावर ज्या कुरकुरीतपणासाठी पैसे दिले तो दोन मिनिटांत संपतो, आणि खाली राहतो तो चमच्याने खावा लागणारा लगदा. मागवायच्याच असतील तर सॉस वेगळ्या वाटीत मागावा.

बर्गरची तपासणी त्या मानाने सोपी आहे. बन खालच्या बाजूने बोटाने हलकेच दाबून पाहावा: आतला भाग तव्यावर शेकलेला असेल तर तो ओला होत नाही, न शेकलेला बन रस शोषून अर्ध्या बर्गरमध्येच फाटतो. पहिल्या घासात बन, पॅटी आणि भाजी एकत्र आली पाहिजेत. काठी टोचल्याशिवाय उभा राहू न शकणारा, तोंडात न मावणारा बर्गर छायाचित्रासाठी रचलेला असतो. त्याच्या उंचीचेही पैसे आपणच देतो.

बिल

मेन्यूवरील किंमत करासह आहे की कर वेगळा, हे आधी पाहावे. सामान्य रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के असतो. खोलीचे भाडे दिवसाला ७५०० रुपयांहून अधिक असलेल्या हॉटेलातील रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो, आणि तेथे ६०० रुपयांचा बर्गर ७०८ रुपयांना पडतो. सेवा शुल्क हा कर नव्हे. ते बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. बिलात ही ओळ दिसली तर ती काढून द्या असे शांतपणे सांगावे; ऐकलेच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सेवा खरोखर चांगली असेल तर टिप वेटरच्या हातात द्यावी.

घरी मागवताना

अॅपवरील किंमत अनेकदा रेस्टॉरंटमधील किमतीपेक्षा जास्त असते, कारण अॅपचे कमिशन रेस्टॉरंटला कोठूनतरी भरून काढावे लागते. त्यावर पॅकिंगचे पैसे, पोहोचवण्याचे शुल्क आणि कर येतात. ऑर्डर नक्की करण्यापूर्वी शेवटची एकूण रक्कम पाहावी आणि ‘या रकमेला मी तेथे जाऊन हेच खाल्ले असते का?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा. बंद डब्यात फ्राइजची वाफ फ्राइजवरच पडते, त्यामुळे वीस मिनिटांच्या प्रवासानंतर त्या कुरकुरीत राहणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून घरी मागवताना बर्गर मागवावा, फ्राइज वगळाव्यात. सॉस आणि लेट्यूस वेगळे द्यायला सांगावे. बर्गर आल्यावर बन उघडून त्याची आतली बाजू तव्यावर मिनिटभर शेकावी आणि मगच बर्गर पुन्हा रचावा.

फ्राइज आल्याच असतील तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नयेत, त्या आणखी ओल्या होतात. एअर फ्रायर २०० अंशांवर तापवून त्यात एका थरात तीन-चार मिनिटे ठेवाव्यात, किंवा जाड तव्यावर तेलाचा हात फिरवून, गर्दी न करता, दोन्ही बाजूंनी परताव्यात. नेहमी फ्राइज हव्या असलेल्या घराने गोठवलेले पाकीटच आणून ठेवावे, आणि ते विरघळू न देता थेट कडक तेलात, मूठ-मूठ घालून तळावे.