ऑर्किडच्या जुन्या कंदांपासून नवे रोप

ठाण्यातल्या गॅलरीत ऑन्सिडियम किंवा कॅटलिया ही ऑर्किडे लावणारे बरेच जण कुंडी बदलताना मागचे सुरकुतलेले, पाने झडलेले कंद, म्हणजे खोडाचे फुगीर भाग, मेलेले समजून फेकून देतात, याची मला मनापासून हळहळ वाटते; कारण कंद बोटाने दाबल्यावर टणक लागत असेल, तर त्याच्या बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढा सुप्त डोळा बहुधा जिवंत असतो. (फॅलेनॉप्सिस या ऑर्किडला असे कंदच नसतात, त्यामुळे त्याला ही पद्धत लागू होत नाही.)

ज्योतीवर तापवून थंड केलेल्या ब्लेडने कंदांना जोडणारे आडवे खोड कापावे. एकट्या कंदात अन्नसाठा कमी असल्याने दोन-तीन कंद एकत्र राखावेत आणि काप दिवसभर सावलीत सुकू द्यावा. मग भिजवून घट्ट पिळलेल्या स्फॅग्नम मॉसवर (ओलावा धरून ठेवणाऱ्या शेवाळावर), डोळा वर राहील असे कंद टेकवून, सारे पारदर्शक पिशवीत सैल बांधून उजेडात, पण थेट उन्हापासून दूर ठेवावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की पिशवी उघडी ठेवलेलीच बरी, नाहीतर बुरशी धरते.

कोंब फुटायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. त्याची स्वतःची मुळे बोटाच्या पेराएवढी झाल्यावरच त्याला कोळसा आणि नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत हलवावे. फुलासाठी मात्र साधारण २ ते ३ वर्षे थांबावे लागते.