सेसना १५२ विमानावरून १७२ वर जाताना: आधी हाताची सवय बदला

आमच्याकडं यवतमाळ जिल्ह्यात नवीन बैलजोडी आणली की बाबा तिला पहिल्याच दिवशी पेरणीला जुंपत नाहीत, आधी मोकळ्या वावरात वखर धरून पाहतात, कोणता बैल आत दाबते, कोणता वळताना मागं राहते ते हाताला कळू देतात. पायलट व्हायला शिकताना सेसना १५२ या दोन सीटच्या विमानावर २०-२५ तास झाले, सोलो (एकट्यानं उडवणं) झाला, आणि मग १५२ मेंटेनन्सला गेलं म्हणून मला १७२ वर टाकलं तेव्हा ही गोष्ट मला फार उशिरा आठवली. तुम्हाला आधी आठवावी म्हणून लिहून राहिलो.

पहिली गोष्ट, सोलोच्या तोंडावर विमान बदलू नका, जमत असेल तर थांबा. लँडिंग एकदा बसलं की मग बदला. सीपीएलला (व्यावसायिक पायलटचा परवाना) २०० तास लागतात, त्यात विमान कधी ना कधी बदलणारच, घाई करून काही मिळत नाही.

आता तयारी. ज्या विमानावर बसणार त्याच विमानाचं पीओएच (उडवायचं माहितीपुस्तक) घ्या, नेटवरचं कोणतंही १७२ चं घेऊ नका, कारण १७२ म्हणजे एकच विमान नाही, जुन्या १७२ ला कार्ब्युरेटर आहे, १७२एस ला १८० हॉर्सपॉवरचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन आहे, काही जुन्या विमानांत तर स्पीडचा काटा नॉट्समध्ये नाही, मैलांत असते. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडं जुनं, उजवीकडं नवीन. माझं पान असं होतं: रोटेट, म्हणजे टेकऑफला नाक उचलायचा स्पीड, १५२ ला ५०, १७२एस ला ५५ नॉट्स. इंजिन बंद पडलं तर ग्लाइडचा, म्हणजे तरंगत खाली यायचा स्पीड ६० आणि ६८. जास्तीत जास्त वजन ७५७ किलो आणि ११५७ किलो. त्यातला ग्लाइडचा आकडा झोपेत विचारला तरी आला पाहिजे, बाकीचे पाहून घ्यायला वेळ मिळते, त्याला मिळत नाही. मी रात्री अंगणात बाजेवर बसून आईच्या हातात ते पान द्यायचो, ती आकडा विचारायची, मी सांगायचो.

मग इंजिन बंद ठेवून एक तासभर नुसतं कॉकपिटमध्ये बसा. हे कोणी करत नाही आणि खरं काम इथंच होते. आधी सीट. दरवेळी एकाच उंचीला, रेलच्या एकाच भोकात लावा, आणि लॉक झाली का ते अंग मागं-पुढं जोरात हलवून पाहा, सेसनाची सीट टेकऑफला मागं सरकली तर हात कंट्रोलपर्यंत पोचत नाही आणि धरलेला कंट्रोल सोबत मागं ओढला जाते. मग समोर पाहा, नाकाची कड क्षितिजाच्या कुठं येते, डांबराचा पट्टा दोन्ही बाजूला किती दिसते. चाकं जमिनीला लागतात तेव्हा डोळे एवढ्याच उंचीवर असतात, हे चित्र डोक्यात बसवा. मग डोळे मिटून थ्रॉटल (पॉवर), मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण), फ्लॅप (पंखामागच्या झडपा), ट्रिम (कंट्रोलचा जोर हलका करणारं चाक), फ्युएल सिलेक्टर एकेक हाताने शोधा.

हे मी केलं नव्हतं. पहिल्याच सर्किटला (धावपट्टीभोवतीची फेरी) डाउनविंडवर (फेरीतली धावपट्टीला समांतर बाजू) पॉवर कमी करायच्या आधी हात आपोआप कार्ब हीटकडं (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) गेला. १७२एस ला कार्ब हीटच नाही! मी खाली पाहून शोधत राहिलो, तीन-चार सेकंदच असतील, सर म्हणाले, "काहून, काय शोधून राहिला?" वर पाहिलं तर दीडशे फूट वर गेलेलो. काहीच बिघडलं नव्हतं, फक्त हात अजून जुन्या विमानात होता.

इंधनाचं नीट समजून घ्या. १५२ ला नुसतं चालू-बंद आहे, १७२ ला लेफ्ट, राइट, बोथ असं सिलेक्टर, आणि १७२एस ला त्याशिवाय वेगळा शटऑफ नॉब. इंधनात पाणी-कचरा आहे का ते पाहायचे ड्रेनचे पॉइंट १७२एस ला १३ आहेत, तेराच्या तेरा तपासा, कंटाळा करू नका. गोंदियाजवळ बिरसीला डायमंड डीए४० वर शिकणारे असाल तर फरक आणखी मोठा: योकच्या (हातातलं चाक) जागी स्टिक (दांडा), नोज व्हील मोकळं फिरणारं म्हणून जमिनीवर वळायला ब्रेक वापरावा लागते, पंख खाली. शिवाय डिझेल इंजिनचं मॉडेल असेल तर त्यात जेट ए-१ जाते, सेसनात निळसर अ‍ॅवगॅस. भरणाऱ्यावर सोडू नका, स्वतः उभं राहून रंग पाहा.

आता आपल्या उन्हाळ्याचं. इंजेक्शनचं इंजिन उडून आल्यावर एप्रिल-मेमध्ये अर्धा तास उन्हात उभं राहिलं की वरच्या नळ्यांतलं पेट्रोल तापून वाफ होते आणि चालू व्हायला त्रास देते. गरम इंजिनला प्राइम (आधी पेट्रोल सोडणं) करू नका, मिक्श्चर पूर्ण मागं, थ्रॉटल पाव इंच उघडा, स्टार्टर मारा, पकडलं की मिक्श्चर हळूहळू पुढं. सर सोबत असताना हे दोन-तीनदा करून घ्या.

आणि ४५ डिग्रीला हजार फूट उंचीच्या धावपट्टीवर हवा पातळ होते म्हणून विमान साधारण ४८०० फुटांवर असल्यासारखं वागते. धाव लांबते, चढण मंदावते. नाक उचलायला काट्यावर तेच ५५ हवे असतात पण बाहेर जमीन भरभर पळताना दिसते आणि मन म्हणते ओढ, नका ओढू, काटा पाहा. १७२ मध्ये चार सीट आहेत म्हणून चार माणसं आणि भरलेली टाकी असं समजू नका, १७२एस चं वापरता येणारं पूर्ण इंधन २०० लिटर म्हणजेच जवळपास १४४ किलो होते, वजनाचा हिशोब दरवेळी कागदावर करा.

पहिल्या उड्डाणात थेट सर्किट मागू नका. वर जाऊन स्लो फ्लाइट, स्टॉल (पंखांनी उचल सोडणं), वळणं आधी करा, विमान हातात येऊ द्या. लँडिंगला पुढं दोघंच बसलेले असले की १७२ चं नाक जड लागते, १५२ एवढंच ओढलं तर सपाट बसते किंवा नाकाचं चाक आधी टेकते, ट्रिम वापरा आणि शेवटपर्यंत ओढत राहा. गो-अराउंड (न उतरता परत वर जाणं) मात्र मुद्दाम चार-पाचदा करा. फुल्ल फ्लॅप, ट्रिम मागं, त्यात पूर्ण पॉवर दिली की नाक असं वर उसळते की दोन्ही हात लावावेसे वाटते, तेव्हा पुढं दाबायचं, पायानं उजवा रडर द्यायचा, फ्लॅप लगेच २० वर आणायचे, बाकीचे स्पीड आल्यावर.

सरांना पुरेसं वाटेपर्यंत सोलोसाठी मागं लागू नका. आणि पहिले आठ-दहा दिवस दोन्ही विमानं आलटून पालटून उडवायचं टाळा. उडवावंच लागलं तर गुडघ्यावरच्या पॅडवर आजच्या विमानाचे आकडे मोठ्या अक्षरात लिहा आणि कालचं पान फाडून खिशात टाका.