ठिपक्यांचा नुसता डाग झाला की टूडी हिस्टोग्राम काढा

दोन चलांचा संबंध पाहायचा म्हटलं की हात आपसूक स्कॅटर प्लॉटकडे (प्रत्येक नोंदीचा एक ठिपका) जातो. काहीशे बिंदू असतील तर तोच उत्तम. भलतीकडे पडलेली एखादी नोंदही लगेच नजरेत भरते. पण बिंदू लाखात गेले की ठिपक्यांवर ठिपके बसतात. मग 50 बिंदूंची जागा आणि 5000 बिंदूंची जागा सारखीच गडद दिसते. ठिपका बारीक करून, अल्फा (ठिपक्याची अपारदर्शकता) 0.1 च्या आसपास ठेवून थोडं निभावतं, फार नाही.

अशा वेळी टूडी हिस्टोग्राम काढा: चित्राच्या चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीत किती नोंदी पडल्या ते रंगाने दाखवायचं. त्यासाठी मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढायच्या लायब्ररीतलं हिस्ट2डी (hist2d) वापरा. काही सांगितलं नाही तर ते प्रत्येक अक्षावर 10 च बिन (भाग) घेतं, म्हणजे सगळं चित्र 100 चौकटींत. ते फारच ढोबळ होतं. 50 पासून सुरुवात करा, मग कमी-जास्त करून पाहा.

आकडे पूर्णांकात असतील (वय, गुण वगैरे) तर बिनच्या कडा अर्ध्यावर ठेवा: -0.5, 0.5, 1.5 अशा. नाहीतर काही चौकटींत दोन आकडे जातात, काहींत एकच, आणि चित्रात खोटे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांवरून चुकीचे निष्कर्ष निघतात, म्हणून इथे खरंच जपा.

एका चौकटीत हजारो आणि बाकीच्यांत दोन-चार नोंदी असतील तर लॉगनॉर्म (LogNorm, रंगांसाठी लॉग मोजपट्टी) लावा. रिकाम्या चौकटी सीमिन (cmin, चौकट रंगवायला लागणारी किमान संख्या) 1 देऊन कोऱ्या सोडा. कलरबार (रंगपट्टी) हवाच, त्याशिवाय रंगावरून संख्या कळत नाही. रूट (ROOT, सर्नचं डेटा-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी चित्र काढणाऱ्या ड्रॉ (Draw) आज्ञेला कोल्झेड (COLZ) पर्याय द्यावा, त्यातल्या झेडमुळेच ही रंगपट्टी येते.