ठासणीच्या बंदुकीचं निपल कधी बदलावं?

गोव्यात सत्तरी-सांग्याकडे शेतराखणीच्या परवान्यावर ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक बाळगणाऱ्यांनी पावसाळा सरला की आधी निपल पाहावं. निपल म्हणजे केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) ज्यावर बसवतात तो आट्यांचा बारीक पोकळ तुकडा. प्रत्येक बारासरशी तप्त वायू त्याच्या बारीक छिद्रातून मागे येतो आणि छिद्र हळूहळू रुंदावतं. केपवर आपटणारा घोडा मागे उडू लागला, केपचे तुकडे तोंडाकडे येऊ लागले, की ते निपल संपलंच समजा. तसंच चालवत राहू नका, डोळा जाऊ शकतो.

नवं घेताना आटे तंतोतंत जुळायलाच हवेत. मेट्रिक आणि इंची आटे नुसत्या नजरेला सारखेच वाटतात, सुरुवातीचे दोन फेरे बसतातही. मग जोर लावला की बंदुकीतले आटेच कापले जातात. म्हणून बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्या. त्याआधी नळीत गज घालून ती रिकामी असल्याची खात्री करा. बसवताना आट्यांना ग्रीस लावायला सांगा, कारण काळ्या दारूची (या बंदुकीत भरतात त्या बारुदीची) काजळी आपल्या दमट हवेत पाणी ओढते आणि निपल गंजून जाम होतं.

आधुनिक काडतुसांतली धूरविरहित दारू मात्र या बंदुकीत चिमूटभरही नको. नळी फुटते. त्या दारूसाठीच्या ठासणीच्या बंदुका मुळातच वेगळ्या बनावटीच्या असतात.