गिटहब रेपोवर बॉट लावताना परवानग्या आधी ठरवा

सुरुवात डिपेंडाबॉटपासून करा. रेपोतला (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातला) कोड ज्या लायब्रऱ्या वापरतो, त्यांची अपडेट सुचवणारा हा बॉट. कॉन्फिग फाइलमध्ये वेळापत्रक आठवड्याचं ठेवा आणि किरकोळ अपडेट एका गटात बांधा. रोज पाच पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल घेण्याच्या विनंत्या) आल्या तर त्या कोणी वाचत नाही, डोळे मिटून मर्ज होतात, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळल्या जातात.

मग लेबलर, म्हणजे बदललेल्या फाइली पाहून पुल रिक्वेस्टला लेबल लावणारा बॉट. खरी अडचण इथे येते. स्वतःच्या ब्रँचवर तो नीट चालतो, पण बाहेरच्या माणसाची फोर्कवरून (रेपोच्या त्याच्या स्वतःच्या प्रतीवरून) पुल रिक्वेस्ट आली की ४०३ एरर देतो, म्हणजे परवानगी नाकारली जाते. यात बिघाड काही नाही. फोर्कवरून सुरू झालेल्या वर्कफ्लोला (आपोआप चालणाऱ्या कामांच्या मालिकेला) गिटहब फक्त वाचण्यापुरतं टोकन (परवानगीची किल्ली) देतं, त्यामुळे लेबल लावता येत नाही.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ट्रिगर (वर्कफ्लो सुरू करणारी घटना) बदलून 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' करा. हा सल्ला अर्धवट आहे, म्हणूनच घातक. हा ट्रिगर मूळ रेपोच्या अधिकारात चालतो. त्याला लिहिण्याचं टोकन आणि सिक्रेट्स (रेपोत साठवलेले पासवर्ड, किल्ल्या) दोन्ही मिळू शकतात. त्याच वर्कफ्लोत पुल रिक्वेस्टमधून आलेला कोड चेकआउट करून उतरवला आणि एनपीएम इन्स्टॉल (पॅकेजं बसवणारी आज्ञा) चालवलं, तर अनोळखी माणसाची स्क्रिप्ट तुमच्या अधिकारानं चालते. लेबलरला चेकआउट लागतच नाही, बदललेल्या फाइलींची यादी तो गिटहबच्या एपीआयवरून (प्रोग्रामनं माहिती मागायच्या सोयीतून) घेतो. चेकआउटची पायरी सरळ काढून टाका. परवानग्या दोनच: कंटेंट वाचणे, पुल रिक्वेस्टवर लिहिणे. लेबलं आधी हातानं तयार करून ठेवा, नाहीतर इश्यूंवर (रेपोत नोंदवलेल्या तक्रारी-सूचनांवर) लिहिण्याची परवानगीही द्यावी लागते. टेस्ट वेगळ्या वर्कफ्लोत, साध्या 'पुल रिक्वेस्ट' ट्रिगरवरच चालवा.

बाहेरची ॲक्शन (दुसऱ्यानं लिहिलेला, वर्कफ्लोत जोडायचा तयार तुकडा) वापरताना टॅग (आवृत्तीचं नाव, जे नंतर दुसऱ्या कोडकडे वळवता येतं) लिहू नका, ४० अक्षरी पूर्ण कमिट हॅश (कोडच्या नेमक्या एका नोंदीची ओळख) लिहा. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स'च्या 'चेंज्ड-फाइल्स' या ॲक्शनचे जुने टॅग घातक कमिटकडे वळवले गेले आणि ती वापरणाऱ्या रेपोंची सिक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. हॅश लिहून ठेवलेल्यांची जुनी आवृत्ती मात्र तशीच चालत राहिली.

शेवटी 'स्टेल' बॉट. त्याची सेटिंग बदलली नाहीत तर ६० दिवस शांत असलेल्या इश्यूला तो खूण करतो आणि आणखी ७ दिवसांनी बंद करतो. 'बग' लेबल असलेले इश्यू यातून वगळाच. कोणी बोललं नाही म्हणून बग दुरुस्त होत नाही, आणि मेहनतीनं तक्रार लिहिणाऱ्याचा तो अपमान आहे. पहिल्यांदा डीबग मोडमध्ये (प्रत्यक्ष काही न बदलता) चालवून नेमकं काय बंद होणार ते लॉगमध्ये पाहा. क्रॉनची (वेळापत्रकाच्या ओळीतली) वेळ, वेगळं काही सांगितलं नाही तर, यूटीसीत (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) धरली जाते, म्हणजे भारतातल्या सकाळी नऊसाठी साडेतीन लिहायचे. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब असे वेळापत्रकी वर्कफ्लो आपोआप थांबवतं. ॲक्शन्सच्या पानावरून पुन्हा चालू करावे लागतात.