रात्री कारचा सायरन आपोआप वाजे, असा बंद झाला (माझा अनुभव)

गाडी लॉक केली की दहा-पंधरा मिनिटात सायरन सुरू, आजूबाजूले कोणीच नाही. अलार्म कंपनीचा नाही, बाहेरच्या दुकानातून बसवलेला आहे. दारव्ह्याकडचं आमचं गाव, कापूस वेचून थकलेले लोकं झोपेतून उठायचे, लय जीवावर येत होतं. रिमोटचा सेल बदलला, शॉक सेन्सर (गाडीले धक्का लागला का ओळखणारा) कमी संवेदनशील केला, फरक शून्य.

दोष निघाला बोनेटच्या पिन स्विचमधी. बोनेट बंद असलं की पिन दबते अन् सर्किट तुटते, पण धूळ-गंजानं पिन अर्धीच दबे म्हणून अलार्मले वाटे बोनेट उघडलं.

आधी रिमोटनं अनलॉक करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, मग स्विच खोला. ४०० नंबर पॉलिश पेपरनं पिन घासून कोरड्या फडक्यानं पुसा. मल्टिमीटर (सर्किट जुळलं का तुटलं तपासायचं यंत्र) बीपवर ठेवून एक टोक स्विचच्या वायर जोडायच्या पत्तीले, दुसरं स्विचच्याच धातूच्या बॉडीले लावा, पिन मोकळी तर बीप, पूर्ण दाबली तर गप. दाबूनही बीप येत असन तं स्विच नवाच घ्या. माझी पिन आखूड पडत होती, वरून रबरी टोपी चढवली.

शेवटी शॉक सेन्सर परत पहिल्यासारखा करा, हे विसरू नका, नाहीतर कोणी काच फोडली तरी अलार्म गप राहील.