बंद पडून असलेली गाडी घेताय? आधी चावी खिशात ठेवा

दोन-तीन वर्षं उभी असलेली गाडी स्वस्तात मिळाली, की लोक आधी शेजारच्या गाडीवरून केबल लावतात आणि सेल्फ मारतात. माझ्या मेव्हण्यानेही हेच केलं. चिपळूणजवळ दोन पावसाळे पत्र्याखाली काढलेली वॅगन-आर. मी पोचलो तेव्हा इंजिन सुरू आणि स्वारी खुशीत: "बघा दाजी, हाफ सेल्फमध्ये!"

मला मात्र पेट्रोलचा भपकारा आला. आधी गाडी बंद केली, मग बॉनेट उघडलं. उंदरांनी पेट्रोलचा पाइप कुरतडलेला, चिरेतून बारीक फवारा थेट इंजिनावर. एअर फिल्टरच्या डब्यात तर काथ्या, सीटचा फोम, शेंगांची टरफलं असा अख्खा संसार. पेट घेतला नाही, एवढंच नशीब.

तेव्हापासून मी आधी बॅटरीची वायर काढतो आणि टॉर्च घेऊन अर्धा तास नुसता बघतो. फिल्टरचा डबा, वायरिंग, पाइप, सीटखालचा भाग. मग ऑइलची पट्टी: ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, तिथेच नमस्कार करून निघावं. ठीक दिसलं तरी ऑइल आणि फिल्टर बदलायचेच, मीटर काहीही सांगो. शिवाय प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल, गाडी न्यूट्रलला आणि पान्याने इंजिन दोन फेरे हाताने. घाई असेल त्याने रिक्षा करावी.

दुसरी चूक जुन्या मालकाची: "सेफ्टी म्हणून" ओढून ठेवलेला हँडब्रेक. ओलीत मागच्या चाकांचे ब्रेक लायनर (घासून चाक थांबवणारे पट्टे) ड्रमला, म्हणजे चाकाच्या आतल्या लोखंडी डब्याला, चिकटतात. मग नवा मालक पहिल्या गिअरमध्ये रेस देतो आणि लायनर उखडून हातात येतो. पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, मागचं चाक जॅकवर घ्या आणि ड्रमच्या कडेला हातोडीने हलके ठोके द्या. सुटताना 'खट्' असा आवाज येतो.

टायरची नक्षी बघून भुलू नका, बाजूचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे टायर 2019च्या 23व्या आठवड्यात बनलेला.

ब्रेक ऑइल ओल ओढतं, बदला. टाकीतलं शिळं पेट्रोलही काढा.

बॅटरी चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर 12.4 व्होल्टच्या खाली आली, तर तिची समजूत घालत बसू नका.

मेव्हणा आता उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवतो. उंदरांचं माहीत नाही, पण सोसायटीचा वॉचमन खूश आहे.